‘मिस्त्री’ हा शब्द संस्कृत ‘मिश्र’वरून आला आहे का? आणि बरोबर काय, ‘मिस्त्री’ की ‘मेस्त्री’?

नाही आला.

एवढ्यावर थांबले असते. पण तुम्ही खाली मिस्त्री-मेस्त्री या आडनावांचंही विचारलंय, आणि लिहिलंय की मुलाच्या सरांनी वर्गात सांगितलं, "वाळू-सिमेंटचं मिश्रण करतो तो मिस्त्री", आणि आता ते त्याच्या मराठीच्या प्रकल्पात जाणार आहे. हेच वाक्य, जवळपास याच शब्दांत, मी १९९६ साली जुळे सोलापुरात ऐकलंय. स्लॅबचा दिवस होता. बोलणारे माझे सासरे, एम.ए. बी.एड., हायस्कुलात मराठी शिकवायचे. आणि समोर हातात ओळंबा घेऊन उभे होते ते माझे वडील. मेस्त्री. त्यामुळे तुमचा प्रश्न वाचून गप्प बसणं मला जमणारं नाही.

आधी शब्दाचं सांगते. मूळ पोर्तुगीज ‘मेस्त्रे’. अर्थ तीन: आपल्या कामात मुरलेला कारागीर, कारागिरांचा म्होरक्या, आणि शिकवणारा. तिसरा अर्थ लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे. पोर्तुगीज १४९८ ला कालिकतला उतरले, १५१० ला त्यांनी गोवा घेतलं, वसई तर १७३९ पर्यंत त्यांच्याकडे होती. इतकी वर्षं चर्च, कोट, गोद्या बांधायच्या म्हणजे इथले सुतार, पाथरवट, लोहार हाताशी धरायलाच हवेत. त्या टोळीच्या प्रमुखाला ते ज्या नावानं हाक मारायचे ते नाव टोळीनंच उचललं आणि किनाऱ्यावरून आत नेलं. कानडीत मेस्त्री, तेलुगूत मेस्त्री, तमिळमध्ये मेस्तिरी. हिंदी, गुजराती, बंगालीत मिस्त्री. गोव्याच्या कोकणीत सुतार म्हणजे ‘मेस्त’. दक्षिणेत ‘मे’ टिकला, उत्तरेकडे ‘मि’ झाला. मराठी दोघांच्या मधे, म्हणून आपल्याकडे दोन्ही चालतात. आमच्या सोलापुरात मेस्त्रीच म्हणतात, कारण आमच्या बांधकामावर कानडी आणि तेलुगू जास्त. पुण्या-मुंबईला मिस्त्री ऐकू येतं. यात चूक-बरोबर काही नाही.

आता स्लॅब.

माझं लग्न १९९३ चं. मामांना (सासऱ्यांना मी मामा म्हणते) शिक्षकांच्या सोसायटीत प्लॉट मिळाला होता. बांधायचं ठरलं तेव्हा अप्पा, म्हणजे माझे वडील, आपणहून म्हणाले, "मजुरीचं मागनं बघू, उभं राहायचं काम माझं." अप्पांनी तोवर साखर पेठेपासून विजापूर रोडपर्यंत किती घरं उभी केली होती याचा हिशेब त्यांच्याकडेही नव्हता. शिक्षण चौथी. मामांनी हो म्हटलं, कारण पैसे वाचत होते. पण अप्पांना ते कधी व्याही म्हणाले नाहीत. घरात, सणाला, पंगतीतसुद्धा "मेस्त्री, आमटी वाढू का?" शब्दात वाईट काहीच नाही, अप्पांना सगळं गाव मेस्त्रीच म्हणायचं. पण गाव म्हणतं त्यात आणि मामा म्हणायचे त्यात फरक होता, आणि तो माझ्या आईला पहिल्याच दिवशी कळला होता.

सकाळी सातला मिक्सर सुरू झाला. टोळी अक्कलकोटकडची, बोलणं सगळं कानडीत. सोलापूरकरांना यात नवल नाही. आमच्याकडे हिशेब तेलुगूत होतो, काम कानडीत, सौदा दखनीत आणि भांडण मराठीत. अप्पा वर सेंट्रिंगवर, माल पसरणाऱ्यांबरोबर. मामा खाली मिक्सरजवळ, छत्री उघडून. खाली त्यांचं काम काहीच नव्हतं. पण प्रॉव्हिडंट फंडातून काढलेले पैसे त्या ड्रममध्ये गरगरताना दिसत होते, तर माणूस लांब कसा बसेल?

आता कानडीची गंमत बघा. कानडी माणूस शिक्षकाला ‘मेष्ट्रु’ म्हणतो, हाक मारताना ‘मेष्ट्रे’. आणि गवंड्यांच्या म्होरक्याला ‘मेस्त्री’. शांत खोलीत दोन्ही नीट वेगळे ऐकू येतात. मिक्सर चालू असताना येत नाहीत.

पाण्याच्या पिंपापाशी एक पंधरा-सोळा वर्षांचं पोरगं उभं होतं. ते ओरडलं, "मेस्त्री, नीर हाकली?" म्हणजे पाणी घालू का. मामांना वाटलं आपल्यालाच विचारतंय. त्यांना मघापासून माल घट्ट वाटतच होता, घमेल्यातून लवकर सुटत नव्हता. ते म्हणाले, "हाक, हाक!" पोरानं अर्धी बालदी ओतली. वरून अप्पांचा आवाज आला, "साकु! साकु!" हाकु म्हणजे घाल, साकु म्हणजे पुरे. एका अक्षराचा खेळ. पोरगं एकदा वर बघतंय, एकदा छत्रीकडे बघतंय, आणि छत्री जवळ होती. मिक्सरचे दोन-तीन फेरे पातळ गेले.

अप्पा शिडीवरून खाली आले. ड्रममधला माल मुठीत घेतला, दाबला. बोटांच्या फटीतून राखाडी पाणी कोपरापर्यंत ओघळलं. ते म्हणाले, "मास्तर, पाणी जास्त झालं की माल टाकायला सोपा जातो. पण ते पाणी नंतर उडून जातं आणि त्याची जागा पोकळ राहते. हा स्लॅबला नको. जिन्याच्या बुडाला घालू."

तीन फेऱ्यांचं सिमेंट जिन्याच्या बुडाला! मामांचा चेहरा उतरला, मग चढला.

"पोरगा मला विचारत होता, मेस्त्री."

"नाही मास्तर, त्यानं मेस्त्री म्हणूनच हाक मारली."

"ही पोरं मला मेष्ट्रे म्हणतात."

"तुम्हाला म्हणतात, पण पाण्याचं तुम्हाला का विचारतील?"

एवढं झालं आणि मामांमधला शिक्षक जागा झाला. सगळ्या टोळीसमोर, दोन शेजाऱ्यांसमोर, आणि चहाची किटली घेऊन उभ्या असलेल्या माझ्यासमोर ते म्हणाले, "अहो, मास्तर आणि मेस्त्री यांत काही अंतर आहे की नाही? मास्तर म्हणजे गुरू. मिस्त्री हा संस्कृत ‘मिश्र’वरून आलाय. माल मिसळतो तो मिस्त्री. कुठं इंद्राचा ऐरावत आणि कुठं शामभटाची तट्टाणी!" शेजारी हसले. टोळीला मराठी अर्धीच कळत होती, पण शेजारी हसले म्हणून तेही हसले.

अप्पा म्हणाले, "माल बिगारी मिसळतो, मास्तर. मेस्त्री नुसता बघतो." आणि वर गेले.

तुमच्या मुलाच्या सरांना उत्तर म्हणून माझ्या मते हेच एक वाक्य पुरे आहे. ‘मिश्र’वाली व्युत्पत्ती ज्यानं काढली त्यानं बांधकामावर एक तासही घालवलेला नाही. माल कालवतो तो बिगारी. बिगारी हा शब्दही बघा, फारसी ‘बेगार’वरून, म्हणजे फुकट राबवलेलं काम. आज त्याला रोज मिळतो, नाव मात्र फुकटचंच राहिलं. मेस्त्रीच्या हाताला माल लागतो, नाही असं नाही, पण मेस्त्री ठरतो तो ओळंब्यावरून, डोळ्यावरून, आणि कुणाला कधी ओरडायचं यावरून.

आणि मिश्रणच म्हणायचं तर बाकीच्यांचं काय? फर्निचरचा मिस्त्री, फ्रिजचा मिस्त्री, हिंदीतला लोहार-मिस्त्री. स्कूटरचा मिस्त्री काय मिसळतो? पेट्रोलमध्ये ऑइल? तेसुद्धा पंपावरचा माणूसच मिसळून द्यायचा. इंग्रजांच्या काळात पश्चिम आणि दक्षिण हिंदुस्थानातल्या बंगल्यांत स्वयंपाक्याला आणि शिंप्यालाही हेच नाव होतं. ब्रह्मदेशातल्या भाताच्या गिरण्यांवर तेलुगू मुलखातून मजूर भरून नेणारा मुकादम, तोही मेस्त्रीच. त्यानं माणसं बोटीवर चढवली, माल कालवला नाही.

संस्कृतात शोधायचंच असेल तर शिल्पशास्त्राच्या ग्रंथांत बांधकामावरचे चार जण नावानिशी दिलेत: स्थपती, सूत्रग्राही, वर्धकी, तक्षक. यांत मिश्र कुणीच नाही. आपला ‘सुतार’ मात्र खरोखर संस्कृत ‘सूत्रधार’वरून आलाय. संस्कृतचा अभिमान असेल तर तो सुतारावर खर्च करा, हक्काचा आहे.

त्या दिवशी मला यातलं काही माहीत नव्हतं. मी किटली खाली ठेवली आणि आत गेले, एवढंच केलं. पुढं मी शिक्षिका झाले. महापालिकेच्या शाळेत पोरं मला ‘बाई’ म्हणायची आणि त्यांचे आईबाप ‘मास्तरीणबाई’. मेस्त्रीची मुलगी मास्तरीण. बरीच वर्षं गेली, आणि एका प्रशिक्षणासाठी पुण्यात महिनाभर असताना एका ग्रंथालयात एक जाडजूड पुस्तक हाती लागलं: आशियाई भाषांमधल्या पोर्तुगीज शब्दांचं. लिहिणारे गोव्यातल्या आसगावचे पाद्री, सेबास्तियाँव रोदोल्फो दाल्गादो. मूळ पुस्तक १९१३ चं, पोर्तुगीजमध्ये. मी बघितलं ते १९३६ चं इंग्रजी भाषांतर. घरची कोथिंबीर निवडावी तसं मी ते चाळत होते. घमेलं, पोर्तुगीज ‘गामेला’. पिंप, ‘पिपा’. चावी, ‘शाव्ह’. शनिवारी संध्याकाळी अप्पा वाटायचे तो पगार, तोही त्यांच्या ‘पागार’ म्हणजे देणे या क्रियापदावरून. लहानपणी अप्पांचा डबा घेऊन मी ज्या वाळूच्या ढिगावर बसायचे, त्याच्या आजूबाजूचं निम्मं सामान पोर्तुगालहून आलेलं. आणि मग ‘मेस्त्रे’.

तिथून मागं गेले तर लॅटिन ‘माजिस्तेर’. त्याच्या मुळाशी ‘माजिस’, म्हणजे जास्त. जो इतरांपेक्षा जास्त आहे तो. (याच्या उलट ‘मिनुस’ म्हणजे कमी, त्यावरून झाला ‘मिनिस्टर’. मास्तरापेक्षा मंत्री कमी, असं शब्द म्हणतो, मी नाही.) या माजिस्तेरची एक शाखा पोर्तुगालमार्गे गोव्यात उतरली आणि मेस्त्री झाली. दुसरी इंग्रजीत ‘मास्टर’ झाली, ती शाळा-पोस्ट-रेल्वेबरोबर इथं आली आणि मास्तर झाली. शाळामास्तर, पोस्टमास्तर, स्टेशनमास्तर, बँडमास्तर. आजही सोलापुरात शिंप्याला सांगतात, "मास्तर, बाही जरा ढिली ठेवा." गोव्यात तर चर्चच्या शाळेत गाणं-वाजवणं शिकवायचा तोही मेस्त्रे आणि दार-खिडक्या करायचा तोही मेस्त.

म्हणजे मास्तर आणि मेस्त्री हा एकच शब्द. दोन वेगळ्या गाड्यांनी आला एवढंच.

मी ग्रंथालयात एकटीच हसले. कारण इंग्रजी ‘मिस्टर’ हा त्याच ‘मास्टर’चा झिजलेला उच्चार आहे, आणि आम्ही बायका नवऱ्याला काय म्हणतो? आमचे मिस्टर. माझे मिस्टर, त्यांचे वडील मास्तर, माझे वडील मेस्त्री. कॉन्व्हेंटमधली पोरं शिक्षिकेला ‘मिस’ म्हणतात ते ‘मिस्ट्रेस’चं तोडलेलं, म्हणजे तीही याच घरातली. आणि मामांच्या दारावर जी संगमरवरी पाटी होती, नावाखाली ‘एम.ए., बी.एड.’, त्यातला ‘एम’ म्हणजे मास्टर, लॅटिनमध्ये माजिस्तेर. युरोपात जुनी विद्यापीठं निघाली ती कारागिरांच्या संघांच्या धर्तीवर. उमेदवारी करायची, मग मास्टर व्हायचं. गवंड्यांत जी पायरी तीच पंडितांत. ती पाटी भिंतीत बसवली होती अप्पांनी, स्वतःच्या हातानं, पांढरं सिमेंट भरून, कडा ओल्या फडक्यानं पुसून. तिच्यावर ‘मेस्त्री’ लिहिलंय हे दोघांपैकी एकालाही माहीत नव्हतं.

अप्पा तोवर गेले होते. मी सगळं शाळेच्या वहीत उतरवून आणलं आणि मामांसमोर ठेवलं. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं.

"हा दाल्गादो कोण?"

"गोव्यातले पाद्री."

"मग तो पोर्तुगीजच म्हणणार."

मी म्हटलं, १८८६ सालचा ‘हॉब्सन-जॉब्सन’ नावाचा इंग्रजांचा कोश आहे, त्यातही हेच दिलंय. तर म्हणाले, "इंग्रज काय, सगळं पोर्तुगीजांवर ढकलायला मोकळेच." कानडीचं सांगितलं, मेष्ट्रु आणि मेस्त्री शेजारी-शेजारी ठेवून. त्यावर थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "ध्वनिसाम्यावरून व्युत्पत्ती ठरवत नाहीत." हे वाक्य अगदी खरं आहे, आणि ‘मिश्र’वर अगदी चपखल बसतं. पण ते मी त्यांना बोलले नाही. तुम्हाला सांगतेय.

म्हणून तुमच्या मुलाला एवढं नक्की शिकवा की शब्द सारखा ऐकू आला म्हणजे नातं लागत नाही. तो शब्द कोण वापरतं, कुठल्या कामासाठी, कुठल्या बाजूनं पसरला, हे बघायचं. मिस्त्रीच्या बाबतीत पसरण्याची दिशा किनाऱ्याकडून आत आहे, आणि अर्थ बहुतेक ठिकाणी ‘प्रमुख कारागीर’ असाच आहे. मास्तर-मेस्त्रीचं नातं मी ध्वनीवरून सांगत नाही, दोन्हींचा रस्ता कागदावर सापडतो म्हणून सांगते. आणि सर ऐकत नसतील तर त्यांना आधी एखाद्या बांधकामावर न्या. खरंच न्या. मुलांना शब्द शिकवायला त्याच्याइतकी स्वस्त जागा नाही. तिथं गिलावा फारसी, माल अरबी, मुकादम अरबी, घमेलं पोर्तुगीज, सेंट्रिंग इंग्रजी, आणि मधे उभा तो मेस्त्री. मात्र सरांना मिक्सरजवळ उभं करू नका.

दोन-तीन गोष्टी राहिल्या, त्या सांगायला हव्यात. मी भाषाशास्त्र शिकलेली नाही, मराठी शिकवली एवढंच. हे सगळं वाचलेलं, पडताळलेलं आहे, पण शोध माझा नाही. दुसरं, मी मास्तर लोकांच्या विरुद्ध नाही, असायचं कारणच नाही. आणि तिसरं, मामांबद्दल वरचं वाचून कुणाला राग आला असेल तर हेही लिहिते: माझी बी.एड.ची फी त्यांनी भरली, माझ्या नणंदेचं लग्न तोंडावर असताना. "सून शिकली पाहिजे" हे त्या घरात म्हणणारे ते एकटे होते. फक्त मेस्त्री या शब्दापाशी त्यांचं काहीतरी अडायचं. आता त्यांचं वय झालंय, ऐकू कमी येतं. परवा वरच्या मजल्याच्या कामाला गवंडी आला तर त्याला म्हणाले, "आमचे व्याही असते तर तुझा हा कोपरा त्यांनी फोडायला लावला असता." कोपरा खरंच गुण्यात, म्हणजे काटकोनात, नव्हता.

आडनावाचा तुमचा प्रश्न मी जवळजवळ विसरलेच. गुजराती आणि पारशी मिस्त्री, सिंधुदुर्गातले मेस्त्री, ही सगळी धंद्यावरून पडलेली आडनावं. एकाच आडनावाची माणसं एकाच जातीची किंवा गावची असतील असं समजू नका. तुमच्या दाखल्यावर मिस्त्री आणि आधारवर मेस्त्री असेल तर व्युत्पत्तीचा तिथं काडीचा उपयोग नाही. राजपत्रात नाव बदलून घ्या, आणि मुलाचं दहावीचं बोर्डाचं फॉर्म भरायच्या आधी घ्या. नंतर फार हेलपाटे पडतात.